भात्यावाचून पेटी

२०१९ च्या डिसेंबरात आमच्या घरी एक ऑर्गन आला. 'आला' म्हणण्यापेक्षा 'येऊन पडला' म्हणणे जास्त खरे. शुगर लँडमधल्या आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या एक वृद्ध अमेरिकन बाई घर विकून मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. फर्निचर विकले गेले, भांडीकुंडी वाटली गेली, आणि शेवटी भिंतीलगत उरला तो हॅमंड कंपनीचा जुना ऑर्गन. फुकट न्यायलाही कोणी तयार नव्हते. "सोमवारी कचऱ्याची गाडी येईल. त्याआधी हवा असेल तर घेऊन जा," असे त्या मला म्हणाल्या, आणि म्हणताना ऑर्गनकडे बघायचे त्यांनी टाळले. मग आम्ही चार मित्र, एक उसना ट्रक आणि दोन दोर असा सगळा सरंजाम जमला. चौघांपैकी तिघे पीएच.डी.; पण ते धूड तिरके करून दारातून बाहेर काढायची युक्ती सुचली ती चौथ्यालाच. असो.

ऑर्गन दिवाणखान्यात टेकला तेव्हा पत्नीने एकच प्रश्न विचारला, "हे वाजवणार कोण?" प्रश्न रास्त होता. मी आयुष्यभर संगणकाच्याच पट्ट्या बडवल्या आहेत. मुलगा पियानो शिकत होता, पण समोर छापील कागद नसेल तर त्याची बोटे मांडीवरून हलत नसत. आणि तिसरे होते माझे बाबा, नोव्हेंबरात सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेले.

बाबा बँकेत नोकरीला होते आणि संध्याकाळी हौशी नाटकमंडळींच्या तालमीत पेटीवर. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, त्या सांगलीत असे पेटीवाले गल्लोगल्ली असत. बाबा कोणाकडे शिकले नाहीत. त्यांना नोटेशन वाचता येत नाही. एखादे पद दोनदा ऐकले की तिसऱ्यांदा ते बोटांतून निघे. २०१८ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून ते बरे झाले, बोलणे स्वच्छ राहिले, उजवा हातही शाबूत राहिला. डाव्या हातातली ताकद मात्र गेली. पेटीचा भाता डाव्या हाताने मारावा लागतो. दोन-तीन वेळा शेजारच्या मुलाला भात्यावर बसवून पाहिले. "जोर कुठे हवा आणि कुठे नको, हे त्याला कसं कळणार?" असे म्हणून बाबांनी पेटीवर आच्छादन घातले ते घातलेच.

ही सगळी पार्श्वभूमी सांगण्याचे कारण, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे आईवडील सहा-सहा महिने येऊन राहतात, आणि अनेकांच्या आसपास असे जुने ऑर्गन कचऱ्याच्या गाडीची वाट पाहत असतात. या दोघांची गाठ घालून देणे शक्य आहे. त्यासाठी हे यंत्र आहे तरी काय, ते आधी समजून घेऊ.

चाकांमधून निघणारा सूर

मराठी माणसाला 'ऑर्गन' म्हटले की संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांच्यासारख्या पेटीवाल्याने १९११ साली 'मानापमान'च्या चाली बांधल्या, त्या परंपरेतले हे वाद्य. पेटी काय आणि तो ऑर्गन काय, दोन्हींत हवा धातूच्या पात्यांवरून जाते, पाती थरथरतात आणि सूर निघतो. विजेच्या ऑर्गनमध्ये हवेचा संबंधच नाही.

लॉरेन्स हॅमंड हे शिकागोचे इंजिनिअर. विजेवर चालणारी घड्याळे बनवण्याचा त्यांचा व्यवसाय होता, आणि ते स्वतः वादक नव्हते. घड्याळ अचूक चालावे म्हणून त्यांनी जी सिंक्रोनस मोटार वापरली, तीच पुढे ऑर्गनमध्ये घातली. १९३४ साली पेटंट मिळाले आणि १९३५ साली पहिला ऑर्गन बाजारात आला. आमच्याकडे आहे तो एम-३ नावाचा घरगुती नमुना १९५५ ते १९६४ या काळात बनत असे. त्यात एकाखाली एक अशा ४४-४४ पट्ट्यांच्या दोन ओळी आहेत, आणि पायाशी खर्जाच्या सुरांसाठी लाकडी पायपट्ट्या.

आतले यंत्र मोठे मजेदार आहे. आत जवळजवळ नव्वद पोलादी चकत्या फिरत असतात. प्रत्येक चकतीच्या कडेला दाते असतात, कुठे २, कुठे १६, कुठे १९२. चकतीसमोर एक लोहचुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे असते. एक दाता चुंबकासमोरून गेला की वेटोळ्यात विजेचे एक आवर्तन तयार होते. सेकंदाला ४४० दाते गेले की ४४० आवर्तने, म्हणजे आपली पांढरी सहा. मोटार सेकंदाला २० फेरे घेते. ८८ आणि ६४ दात्यांच्या दंतचक्रांनी त्याचे २७.५ फेरे होतात. चकतीवर १६ दाते. गुणाकार करून पाहा, बरोबर ४४० येतात. पांढरी एकसाठी ८५ आणि १०४ दात्यांची जोडी आहे. तिच्यातून २६१.५४ येतात, पाहिजेत २६१.६३. हा फरक कोणाच्याही कानाला कळणार नाही. बाराही सुरांसाठी दात्यांच्या अशा जोड्या शोधणे हे कागद-पेन्सिलीने केलेले काम आहे, आणि आज संगणकावर तेच गणित मांडतानासुद्धा मला त्या माणसाचे कौतुक वाटते.

लाउरी, थॉमस, वुर्लित्झर अशा इतर कंपन्यांचे पुढचे ऑर्गन चाकांवर चालत नसत. त्यांच्यात वरच्या सप्तकाचे बारा सूर बारा विद्युतमंडले निर्माण करत आणि प्रत्येकाला दोनने भागत भागत खालची सप्तके मिळवली जात. आमच्या धंद्यातल्या लोकांना ही भागाकाराची मंडले ओळखीची वाटतील. संगणकात आकडे मोजायला हीच लागतात. अशा ऑर्गनमध्ये एखादा सूर वरच्या सप्तकात बंद पडला की त्याच्या खालच्या सप्तकांतलाही बंद पडतो. दुरुस्ती करताना ही खूण फार उपयोगी पडते.

नऊ दांड्या आणि तंबोऱ्यातला गंधार

हॅमंडवर पट्ट्यांच्या वरच्या बाजूला नऊ सरकत्या दांड्या असतात. प्रत्येक दांडी ० ते ८ पर्यंत ओढता येते. मी प्रथम त्या नुसत्याच ओढून पाहत होतो. बाबांनी एकदा 'सा' धरून ठेवला आणि एक एक दांडी बाहेर काढत ते पुटपुटायला लागले, "खर्ज... पंचम... सा... तार सा... वरचा पंचम... अजून वरचा सा..." सातव्या दांडीला ते थांबले आणि म्हणाले, "अरे, हा गंधार!"

प्रकार असा आहे. कोणत्याही सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे सूक्ष्म सूर निघत असतात. दुप्पट म्हणजे तार सा, तिप्पट म्हणजे पंचम, पाचपट म्हणजे गंधार. तंबोरा नीट जुळला की न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याचे कारण हेच. हॅमंडच्या नऊ दांड्यांनी यांतला प्रत्येक घटक हवा तेवढा मिसळता येतो. पहिल्या तीनच दांड्या ओढल्या तर भरदार आवाज मिळतो. वरच्या थोड्या मिसळल्या की आवाजाला पेटीसारखी धार येते.

बाबांनी मात्र त्यातली खोट लगेच पकडली. "गंधार जरा चढा आहे," असे ते म्हणाले. ते बरोबरच होते. हॅमंडने हा गंधार वेगळा बनवलेला नाही. जवळच्या पट्टीची चकतीच तिथे वापरली आहे. ती समान अंतराच्या बारा सुरांतली, म्हणून नैसर्गिक गंधारापेक्षा ती सुमारे १४ सेंट वर आहे. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट. चौदा सेंटचा हा फरक मला ऐकून ओळखता आला नव्हता, आकडेमोड केल्यावर कळला.

साठ आवर्तनांचे राज्य

वाजवणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून राहिलीच. या ऑर्गनला भाता नाही. आवाज लहानमोठा करायला उजव्या पायाखाली एक पेडल असते. पेडल दाबले की सूर फुगतो, सोडले की ओसरतो. म्हणजे पेटीत जे काम डावा हात करतो, ते इथे उजव्या पायाकडे गेले. बाबांच्या हे लक्षात यायला पाच मिनिटे लागली. पुढे तासभर ते उठले नाहीत. उजव्या हाताने पद आणि उजव्या पायाने भाता! राहिला आधाराचा षड्ज, तो नातवाने जमिनीवर बसून हाताने पायपट्टी दाबून धरला. पत्नीने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिले आणि "हे वाजवणार कोण?" हा प्रश्न पुन्हा विचारला नाही.

मार्च २०२० मध्ये विमाने बंद झाली आणि बाबांचा सहा महिन्यांचा मुक्काम जवळजवळ वर्षभराचा झाला. त्या दिवसांत घराबाहेर पडण्याची सोय नव्हती. ऑर्गन नसता तर ते दिवस त्यांनी कसे काढले असते, याचा विचार मी अजूनही करत नाही. शरद ऋतूत एका विशेष विमानाने ते परत गेले. जाताना त्यांनी विचारले, "हा सांगलीला नेता येईल का रे?"

याचे उत्तर अभियांत्रिकीत होते, आणि ते त्यांना आवडणारे नव्हते. हॅमंडची मोटार विजेच्या आवर्तनांशी बांधलेली असते. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, भारतात ५० ची. सांगलीत ती मोटार पाच-षष्ठांश वेगाने फिरेल आणि सगळे सूर तीन पट्ट्यांहून जरा जास्तच खाली येतील. काळी एकचा सा खालच्या सप्तकातल्या काळी पाचच्याही किंचित खाली जाईल. साधा ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तने बदलत नाही. ५० आवर्तनांच्या देशांसाठी कंपनी वेगळे नमुने बनवत असे; आमचा तो नव्हे.

या परावलंबनाचा दुसरा धडा टेक्ससने २०२१ च्या फेब्रुवारीत दिला. आपल्यापैकी जे तेव्हा ह्यूस्टन परिसरात होते, त्यांना १५ फेब्रुवारीची पहाट विसरता येणार नाही. थंडीने वीजकेंद्रे एकामागून एक बंद पडली, आणि पहाटे दोनच्या सुमारास राज्याच्या जाळ्यातली आवर्तने ६० वरून ५९.३ पर्यंत घसरली. जाळे पूर्ण कोसळायला काही मिनिटांचाच अवधी उरला होता. मग ठिकठिकाणची वीज तोडून ते वाचवण्यात आले. पुढे मी हिशेब केला. त्या क्षणी कोणी हॅमंड वाजवत असते तर त्याचा षड्ज सुमारे २० सेंट उतरला असता. आपल्याकडे ज्याला प्रमाण श्रुती म्हणतात, ते अंतर आजचे अभ्यासक ८१:८० असे मांडतात. ते साडेएकवीस सेंट भरते. म्हणजे त्या पहाटे अख्खे टेक्सस जवळजवळ एका श्रुतीने उतरले होते! सगळे सूर एकदमच उतरत असल्याने एकट्या वादकाला ते कळलेही नसते. शेजारी तंबोरा असता तरच कळले असते.

सांगलीत बातम्या बघून बाबांचा फोन आला. सगळ्यांची खुशाली विचारून झाल्यावर ते म्हणाले, "वीज गेल्यावर तुझा ऑर्गन काय करतो?"

"गप्प बसतो."

"माझी पेटी विजेवाचून वाजते," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "पण तिला डावा हात लागतो."

कानाने वाजवायचे म्हणजे काय?

बाबा गेल्यावर ऑर्गनसमोर मी बसू लागलो. चाळिशी उलटल्यावर नोटेशन शिकण्याइतका धीर माझ्यात नव्हता, म्हणून बाबांचीच पद्धत धरली. ती कोणालाही जमण्यासारखी आहे, म्हणून सांगतो.

पहिली पायरी म्हणजे स्वतःचा षड्ज शोधणे. गुणगुणा, आणि ज्या पट्टीवर आवाज आरामात स्थिरावेल ती धरा. पुरुषांचा सा बहुधा काळी एक किंवा काळी दोनच्या आसपास असतो, बायकांचा काळी चार-पाचच्या. सा सापडला की तो खालच्या ओळीत धरून ठेवा आणि बाकीचे सूर वरच्या ओळीत शोधा. दुसरी पायरी, आधी गा आणि मग वाजवा. ओळ गळ्यात नसेल तर बोटांत येणार नाही. तिसरी, लहानपणापासून पाठ असलेली चाल घ्या, आरती किंवा बालगीत. चुकलेली पट्टी कान लगेच नाकारतो, आणि शिकणे असते ते हेच नाकारणे.

सुरुवातीला चुका होऊच नयेत असे वाटत असेल तर फक्त काळ्या पट्ट्या वापरा. त्यात एक गंमत आहे. सप्तकात काळ्या पट्ट्या पाच. काळी तीनला सा मानून पाचही क्रमाने वाजवा: सा, रे, ग, प, ध, म्हणजे भूप. आता त्याच पट्ट्या ठेवून सा काळी एकवर आणा: सा, रे, म, प, ध, म्हणजे दुर्गा. काळी पाचवर आणा: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, म्हणजे मालकंस. काळी चारवरून मधमाद सारंगाचे सूर मिळतात आणि काळी दोनवरून धानीचे. पट्ट्या त्याच, सूर तेच, बदलते फक्त घर कोणते मानायचे ते. आपल्या शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. नुसत्या सुरांनी राग उभा राहत नाही हे खरे, त्याला चलन लागते. पण पायाखालचा षड्ज बदलला की त्याच पाच पट्ट्यांचा सगळा भाव कसा पालटतो, हे पाहून माझा मुलगा अवाक झाला. मालकंस ऐकून तो म्हणाला, "हे मघाचेच आहे?" त्या दिवशी प्रथमच तो कागदाशिवाय अर्धा तास वाजवत बसला.

वाद्याच्या मर्यादा

या वाद्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्यात मींड नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. कणस्वर आणि मुरक्या यांवरच भागवावे लागते. श्रुतींचे बारकावे नाहीत. पेटीवरही हाच आक्षेप होता, आणि त्यापायी १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती शिथिल व्हायला १९७१ साल उजाडले. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवून या आक्षेपाला उत्तर दिले आहे. जुन्या ऑर्गनवर तशी सोय नाही. तरीही वादक कुशल असला तर पट्ट्यांचे वाद्य कुठवर जाते, हे १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात सगळ्या देशाने ऐकले आहे. त्यातली बीन म्हणजे क्लॅव्हिओलीन हे पट्ट्यांचे विजेवरचे वाद्य होते, आणि ते वाजवले होते कल्याणजींनी.

घ्यायचा झाल्यास

चाकांचे हॅमंड बनणे १९७० च्या दशकाच्या मध्यास थांबले. पुढे स्वस्त, हलके कीबोर्ड आले आणि घरगुती ऑर्गनची मागणी ओसरली. म्हणून आज हे ऑर्गन फुकट मिळतात आणि म्हणूनच ते नाहीसेही होत आहेत. कोणी देऊ केला तर आधी तिथेच सुरू करून पाहा. एम-३ सारख्या नमुन्यात 'स्टार्ट'चे बटण सातआठ सेकंद दाबून धरायचे, चाके वेग घेतात, मग ते न सोडता 'रन' दाबायचे. प्रत्येक पट्टी आणि प्रत्येक दांडी वाजवून पाहा. जळका वास आला किंवा वायरीचे आवरण तडकलेले दिसले तर लगेच बंद करा. चाकांना वर्षातून एकदा त्यासाठीचेच पातळ तेल द्यावे लागते. आणि मागची फळी उघडून आत हात घालू नका. व्हॅक्यूम ट्यूबच्या ऑर्गनमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही काही काळ टिकून राहतात. दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्यावी. हे मी पदवीधर इंजिनिअर असून सांगतो आहे.

आता दर रविवारी सकाळी आम्ही फोनवर भेटतो. सांगलीत तेव्हा संध्याकाळ असते. एकत्र वाजवणे जमत नाही, कारण आवाज पोचायला लागणारा तेवढासा वेळही ताल बिघडवतो. म्हणून मी किंवा मुलगा वाजवतो आणि बाबा ऐकतात. चुकले की ते बोलत नाहीत, फक्त ती ओळ गुणगुणतात, आणि आम्ही पुन्हा शोधू लागतो. गेल्या महिन्यात त्यांनी पेटीवरचे आच्छादन काढल्याचे आईने सांगितले. डाव्या हाताने दहा मिनिटे भाता मारता आला, मग हात दुखला. दुसऱ्या दिवशी बारा मिनिटे झाली.

त्या वृद्ध बाईंना मी ऑर्गनचे एक छोटे ध्वनिमुद्रण पाठवले होते. मुलाने वाजवलेला भूप होता तो. त्यांनी कळवले की सूर अनोळखी आहेत, पण आवाज आपल्या घरातला आहे. शुगर लँडला कधी येणे झाले तर आमच्याकडे जरूर या. काळ्या पट्ट्या पाचच आहेत. चहा होईपर्यंत एक राग तुम्हालाही सापडेल.